वंगणाची वाट

महामार्गालगतच्या कुठल्याही गॅरेजात माणसं भेटण्याआधी वास भेटतो. डिझेलचा उग्र, तापलेल्या रबराचा करपट आणि त्या दोन्हींच्या तळाशी मुरून राहिलेला जड, मंद असा ग्रीसचा. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. बहुधा लिथियमच्या साबणाच्या. सांध्यावर दाब आला की ही जाळी तेल थोडं सोडते, उरलेलं जपून ठेवते. दिवसभर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत माखलेला पोऱ्या संध्याकाळी नळाखाली साबणाचे हात चोळतो, तेव्हा साबणानंच साबण धुतोय हे त्याच्या गावीही नसतं.

पूर्वी बैलगाडीच्या आखापाशी वंगणाचं नळकांडं लटकत असे. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान गाडी उभी करी, बैलांशी दोन शब्द बोले आणि आखाला वंगण लावी. गाडी मागायची आणि माणूस द्यायचा. ट्रकला हे मागणं जमत नाही. इंजिनाच्या घरघरीत किंगपिनची तक्रार ऐकू येणार कुणाला? पाट्यांच्या शॅकल पिना, ब्रेकचे कॅमशाफ्ट, स्टिअरिंगचे सांधे, ट्रेलर ओढायचा असेल तर फिफ्थ व्हील, ही सगळी मंडळी चिखलाच्या थराखाली मुकाट्यानं झिजत राहतात. म्हणून खाली सरपटत जाऊन, प्रत्येक निप्पल फडक्यानं पुसून, ग्रीसगननं त्यांची तहान भागवायची. त्यातही एखादं निप्पल अडचणीत असतं, आणि अडचणीतलं नेमकं राहून जातं. शिवाय हा खुराक एकदम भरपूर मिळतो नि मग कित्येक दिवस उपास; मधल्या काळात पाऊस, धूळ आणि भार आपापलं काम करत असतातच.

स्वयंचलित ग्रीसिंगनं हा उपास मोडला. चॅसीला बसवलेल्या टाकीतलं ग्रीस २४ व्होल्टच्या मोटरीवरचा पंप ठरल्या वेळी पुढे ढकलतो, तेही गाडी चालू असताना, म्हणजे पिना हलत असतात आणि इवलासा घासही सगळीकडे पसरतो. जास्तीचं सांध्याच्या कडेनं बाहेर येतं आणि धुळीला आत शिरू देत नाही. चंद्रपूर-वणीकडच्या खुल्या कोळसा खाणींतली धूळ ज्यानं पाहिली आहे, त्याला या कडेच्या ग्रीसचं मोल निराळं सांगावं लागणार नाही.

पण मला खरं मोहवतो तो वाटप करणारा लहानसा पोलादी ठोकळा. त्याच्या पोटात पिस्टन ओळीनं बसलेले असतात. एकानं आपला घास पुढे पोचवून हालचाल पुरी केली, की त्यानंच दुसऱ्याची वाट मोकळी होते. त्याआधी दुसऱ्याला हलता येत नाही. पंगतीत मध्येच कुणी हात आखडून बसावा आणि सबंध पंगत खोळंबावी, तसं एक तोंड तुंबलं की सगळेच थांबतात. नळ्यांतला दाब चढत जातो आणि अखेर, बहुतेक पंपांत २५० ते ३५० बारच्या दरम्यान, सुरक्षा झडपेतून ग्रीस बाहेर येतं. पाहणाऱ्याला कळतं, कुठेतरी अडलं आहे. म्हणूनच एखाद्याच पिस्टनवर लक्ष ठेवलं तरी साऱ्यांची हजेरी लागते.

तुंबलेलं असं कळतं. तुटलेलं मात्र कळत नाही. घाटात एखादा दगड उडून बोरूएवढी नायलॉनची नळी तुटली, तर ग्रीस बिनतक्रार रस्त्यावर गळत राहतं. अडथळा कसलाच नसतो, पिस्टन ठरल्या क्रमानं हलतात, केबिनमधला दिवा सगळं क्षेम असल्याचं सांगतो, आणि त्या एका नळीपलीकडची पिन कोरडी पडत जाते. यंत्रानं दिल्याची नोंद असते, मिळाल्याची नसते. वेळच्या वेळी पैसे धाडणाऱ्या, पण घरी न फिरकणाऱ्या कितीतरी भल्या माणसांची मला इथे आठवण होते, आणि त्यांना दोष द्यावासाही वाटत नाही; त्यांच्या हिशेबात खरोखरच काही चुकलेलं नसतं.

ग्रीसगन घेऊन गाडीखाली निजणारा माणूस ग्रीस भरता भरता आणखीही काही पाहत असे: तडकलेला पाटा, सैल झालेला बोल्ट, हवेच्या पाइपाला पडलेली चीर. ते त्याचं काम म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून ही नवी यंत्रणा असलेल्या गाडीखालीही जाणते मिस्त्री अजून बॅटरी घेऊन शिरतात, टाकीतली पातळी पाहून समाधान मानत नाहीत, आणि प्रत्येक सांध्याच्या कडेला ताजं ग्रीस डोकावतंय का ते बोट लावून बघतात.