रांजण रिकामा करता येत नाही तेव्हा

गंगाखेड सोडून राणीसावरगावकडे निघालं की गोदावरी मागे राहते आणि बालाघाटाचा माळ सुरू होतो. या पट्ट्यात घर म्हटलं की पाण्याची साठवण आलीच. दारात सिमेंटचा हौद, न्हाणीत ड्रम, ओसरीवर रांजण. कीटकजन्य आजारांचं काम करणारा माणूस आधी या भांड्यांत वाकून बघतो. टॉर्चचा उजेड पडला की अळ्या वळवळत तळ गाठतात. जरा थांबलं की श्वास घ्यायला पुन्हा वर येतात आणि डोकं खाली करून पाण्याला लटकून राहतात. ही एडिस इजिप्तीची पिल्लावळ, डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाची. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर. हौद कोरडा पडला तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात.

म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासून पुसून घ्या, असं आम्ही सांगत आलो. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा सल्ला बरोबरच आहे. पण जिचं घर टँकरच्या दोन ड्रमांवर चालतं, त्या बाईला ड्रम ओतून द्या असं कोणत्या तोंडाने सांगायचं? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हाच मुलूख. टंचाईत साठवण वाढते आणि साठवणीबरोबर एडिसही वाढतो. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुढे तीसेक वर्षं हा आजार देशात जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा माणसं गुडघे धरून बसली. गप्पी मासे, अळीनाशक अ‍ॅबेट, धुराची फवारणी हे सगळं आम्ही करतो आणि करत राहायला हवं. पण माडीवरच्या फुटक्या माठापर्यंत, गोठ्यामागच्या टायरपर्यंत आरोग्यसेवक दर आठवड्याला पोचू शकत नाही.

नर डास पोचतो. मादी शोधणं एवढंच त्याचं काम असतं. तो चावत नाही, झाडांच्या रसावर जगतो. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने नेमका याचाच उपयोग केला. त्यांनी नरात असं जनुक घातलं की त्याची बहुतेक पिल्लं अळी किंवा कोषाच्या अवस्थेतच मरतात. त्या जनुकातून तयार होणारं प्रथिन पेशीत साठत जातं आणि पेशीचं सगळं कामकाज रोखतं. प्रयोगशाळेत पाण्यात टेट्रासायक्लिन घातलं की हे प्रथिन दबून राहतं, म्हणून तिथे डासांची पैदास करता येते. सोबत एक चमकणारं जनुकही असतं, त्यामुळे विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ही अळी लाल दिसते आणि गावातून गोळा केलेल्या अळ्यांत कोणाची कोणती ते कळतं.

हे डास आपल्या मराठवाड्यात येऊन गेले आहेत. जानेवारी २०१७ मध्ये जालन्याजवळच्या दावलवाडीला, महिको परिवारातल्या जीबीआयटी या कंपनीच्या आवारात, ऑक्सिटेकच्या नरांची चाचणी उघड्या हवेतल्या जाळीच्या पिंजऱ्यांत सुरू झाली. पुढे कंपनीने नव्या पिढीच्या डासाकडे मोर्चा वळवला आणि पिंजऱ्याबाहेरची चाचणी आपल्याकडे झालीच नाही. मला याची खंत आहे. पहिल्या डासाचे कोष नर-मादी वेगळे काढावे लागत. मादीचा कोष मोठा, म्हणून आकारावरून निवड व्हायची. नव्या वाणात मादी अळ्या आपोआप मरतात आणि फक्त नर उरतात. खोक्यात अंडी ठेवायची, पाणी घालायचं, आठ-दहा दिवसांनी नर बाहेर पडू लागतात. हे खेड्यात जमण्यासारखं आहे. शिवाय एडिस शे-दोनशे मीटरच्या पुढे सहसा उडत नाही. चहूकडे शेती असलेलं राणीसावरगावसारखं गाव त्याच्या दृष्टीने बेटच ठरतं. आजूबाजूहून नवे डास येत राहतील ही शहरातली अडचण इथे बरीच कमी होईल.

ब्राझीलमधल्या ज्वाझेरू शहराच्या एका वस्तीत पहिल्या वाणाने डास सुमारे ९५ टक्क्यांनी घटवले. पण डास घटले म्हणजे तेवढाच डेंग्यू घटला, असं मी म्हणणार नाही. तो पुरावा या पद्धतीकडे अजून नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता इथे वोल्बाकिया जिवाणू असलेल्या डासांनी डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी केल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं; त्या डासांत जनुक-बदल नव्हता. दुसरी शंका गोठ्यातली आहे. पहिल्या वाणाची शंभरातली तीन ते पाच पिल्लं औषधाविनाही जगत. आपल्याकडे जनावरांना टेट्रासायक्लिनच्या जातीची औषधं सर्रास दिली जातात. ती सांडपाण्यात उतरली तर काय होईल, हे दावलवाडीच्या पिंजऱ्यात कळलं नसतं. इथल्याच डबक्यांचं पाणी तपासावं लागेल.

आणि गावाला विचारावं लागेल. सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं एक केंद्र दिल्लीत डासांच्या वंध्य नरांवर काम करत होतं. सोनीपतला एडिस सोडायची तयारी झाली होती. त्यात अमेरिकेचा पैसा होता. हे जैविक युद्धाचं संशोधन तर नाही, अशी शंका वृत्तपत्रांतून संसदेत गेली आणि १९७५ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. एक चांगलं काम लोकांपासून दूर राहिल्यामुळे बुडालं, असं माझं मत आहे. उलट अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीजमध्ये ऑक्सिटेकचे डास सोडायचे का, यावर २०१६ साली मतदान घेतलं गेलं. जिल्ह्याने कौल दिला, पण जिथे डास सोडायचे होते त्या ‘की हेवन’ वस्तीने नकार दिला. मग तिथे सोडले नाहीत. २०२१ मध्ये दुसऱ्या जागा निवडल्या. आपल्याकडे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागेलच, पण ग्रामसभेचा ठराव तिच्या आधी हवा, आणि नाही म्हणायची मुभाही.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. नर सोडायच्या आधी गावात एडिस किती, हे निदान वर्षभर मोजावं लागतं. त्यासाठी काळा प्लास्टिकचा डबा पुरतो. त्यात अर्धं पाणी आणि आतून खरबरीत कागदाची पट्टी. दर आठवड्याला पट्टी काढायची, भिंगाखाली काळी, बाजरीहून कितीतरी बारीक अंडी मोजायची आणि तारखेसह वहीत लिहायची. पट्टी कधीच आठवड्याहून जास्त ठेवायची नाही, नाहीतर डब्यातूनच डास उडतील. आशाताईंना हे एका दुपारी शिकवता येतं, आणि दिवाळीनंतर थंडीत आकडे उतरतील तेव्हापासूनच वही सुरू केलेली बरी.