साडेचारशे फोटोंमागे एक वाघ

2018च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल होताच आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लागले. त्यांनी टिपलेले फोटो 3 कोटी 48 लाखांवर गेले. त्यांत वाघाचे होते 76,651, म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक वाघ. बाकीच्यांत इतर जनावरं, गुरं, माणसं आणि वाऱ्यानं हललेलं गवत. मी मूळचा चंद्रपूरचा आणि डेटा साठवणं हा माझा धंदा. आमच्या ताडोबाच्या जंगलाचं नाव निघालं की लोक वाघाचं विचारतात; मला प्रश्न पडतो, एवढं सगळं ठेवायचं कुठं?

एक फोटो 2 एमबीचा धरला तर हा ढीग सुमारे 70 टीबी भरतो. त्यातले निव्वळ वाघ दीडशे जीबीत, खिशातल्या पेन ड्राइव्हवर मावतील. ‘क्लाउडवर टाका’ म्हटल्यानं प्रश्न सुटत नाही, कारण क्लाउडवरही साठवणुकीचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा.

पहिला ब्लॉक स्टोरेज. ही सर्व्हरला जोडलेली डिस्कच. माहिती ठरावीक मापाच्या तुकड्यांत असते आणि हवा तो तुकडा जागच्या जागी बदलता येतो. वेग मोठा, भाडंही मोठं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात; त्यांवरून वाघ ओळखून त्याच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये सतत भरल्या जातात, त्याला हीच जागा हवी.

दुसरा फाइल स्टोरेज. कार्यालयातलं सामायिक फोल्डर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. परिक्षेत्र, बीट, कॅमेरा, तारीख अशी उतरंड लावली की दहा जण एकाच वेळी फोटो निवडायला बसू शकतात. निवड चालू असेपर्यंत फोटो इथे असावेत. काम संपल्यावरही इथेच पडून राहिले तर भाडं फुकट जातं.

तिसरा ऑब्जेक्ट स्टोरेज. ॲमेझॉननं 2006 साली एस-थ्री या नावानं तो बाजारात आणला. आमच्या भागात तो समजावायला बल्लारपूरचं लाकूड आगार पुरतं. सागाच्या प्रत्येक नगाला क्रमांक, लांबी, गोलाई आणि तो कोणत्या कूपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, आला त्याची नोंद. क्रमांक सांगा, नग मिळतो. इथेही प्रत्येक फोटोला एक किल्ली आणि सोबत माहितीची चिठ्ठी असते. फोटोचा कोपरा बदलायचा तरी अख्खी वस्तू नव्यानं ठेवावी लागते. पण कॅमेरा ट्रॅपचा मूळ फोटो बदलायचाच नसतो. म्हणून कोट्यवधी फोटोंचं खरं घर हे.

या घरातही थर असतात. रोज लागणारं वरच्या थरात. वर्षानुवर्षं न लागणारं तळाच्या संग्रहात. तिथलं भाडं अगदी कमी, पण फोटो परत मागितला तर एस-थ्रीच्या सर्वांत खोल थरातून यायला 12 तास, कधी 48 तासही लागतात. शिवाय 180 दिवसांच्या आत पुसला तरी तेवढ्या दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. वाघ नसलेले बहुतेक फोटो मी तळाला ठेवीन, पुसणार नाही. उद्या कोणी रानकुत्र्यांचा किंवा जंगलात चरणाऱ्या गुरांचा अभ्यास करील, तेव्हा पुरावा त्यांच्यातच सापडेल.

एस-थ्रीची रचनाच अशी आहे की 1 कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरी 10,000 वर्षांत एक हरवावी. ही हमी डिस्क बिघडण्यापुरती आहे. माणसानं पुसलेला फोटो त्यात येत नाही. त्यासाठी जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते. आणि सोबतच्या चिठ्ठीत कॅमेऱ्याचं ठिकाण असेल, तर साठा चुकून सर्वांना खुला राहणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, वाटेची. 10 लाख फोटो, म्हणजे 2 टीबी, 10 एमबीपीएसच्या लाइनवरून अखंड पाठवले तरी साडेअठरा दिवस जातात. गडचिरोलीतल्या भामरागडला तर पर्लकोटा नदीच्या पुरात रस्ताच बंद होत आला आहे. अशा ठिकाणी रस्ता खुला असताना हार्ड डिस्क गाडीनं पाठवणं इंटरनेटपेक्षा जलद पडतं. पोचलेली प्रत मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र कोरं करू नये.

आकारावरून मोल ठरवू नये. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्काचा कागद स्कॅन केला तर काही एमबींचाच होतो. पण सुनावणीला तो मागितल्याक्षणी हवा. तो स्वस्त म्हणून तळाच्या थरात टाकू नये, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात असावी.

म्हणून ग्रामसभा असो, दवाखाना असो की शाळा, क्लाउडवर जागा घेण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहा. ही माहिती बदलत राहणार का? एका वेळी किती जण ती उघडणार? मागितल्यावर किती वेळ थांबणं परवडेल? भावाची चौकशी त्यानंतर करा.