ठमीचा डबा

"शेवटच्या दिवशी तरी तिला मांडीवर न्यायचं होतंस," लेक फोनवर म्हणाली आणि गप्प झाली. ठमी गेली त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. लेकीने काही विचारलं नव्हतं, तरी तिला उत्तर द्यावंसं वाटलं. फोनवर ते जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मांजराला प्रवासात उघडं न्यायचं नाही हा माझा हट्ट ठमीच्या जन्माआधीचा आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक. बदली झाली की बिऱ्हाड हलायचं. लांजा सोडताना आमची मांजरी दादाच्या कापडी पिशवीत होती, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं. स्टँडवर तिचं ओरडणं आईला ऐकवेना. जीव घुसमटतोय म्हणून आईने गाठ जराशी सैल केली, तेवढ्यात मागून आलेल्या एसटीने हॉर्न दिला. पिशवी दादाच्या हातात राहिली आणि मांजर चाकांमधून पलीकडे दिसेनासं झालं. दादा गाडी सोडून तिथेच थांबला आणि दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन आला. पुढे कितीतरी वर्षं पावसाची झड लागली की आई म्हणायची, "कुठे बसली असेल गं ती?" आईने गाठ सोडली होती ती मायेने. घाबरलेलं मांजर मात्र माया करणाऱ्याकडे धावत नाही. ते आडोशाकडे धावतं, आणि परक्या जागी एकदा लपलं की ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही.

सासरे गेले आणि सासूबाईंना साखरप्याहून कोल्हापूरला आणायचं ठरलं, तेव्हा त्यांची अट एकच होती: ठमी बरोबर येणार. आंब्याच्या करंडीत घालू, वरून सुंभ बांधू, असं घरात चाललं होतं. मी कोल्हापुरातून टणक प्लॅस्टिकचा डबा नेला. पुढे तारेचं दार आणि वरूनही उघडणारं झाकण. वरून उघडणारा मुद्दाम घेतला, कारण पुढच्या दारातून मांजराला पाय धरून ओढावं लागतं, आणि एकदा ओढलं की ते त्या डब्याचं वैरी होतं. ह्यांना मोठा डबा हवा होता, "ऐसपैस बसेल बिचारी." पण घाटातल्या वळणांवर ऐसपैस डब्यात मांजर या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं. तिला उभं राहता येईल, वळता येईल, एवढाच मी आणला.

निघायच्या बऱ्याच आधीपासून तो माजघरात दार उघडं ठेवून दिला होता, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची घडी. "तुरुंग आणलाय माझ्या ठमीला," म्हणून सासूबाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. एका दुपारी ठमी आत जाऊन पाय पोटाशी घेऊन झोपली. मला हाक मारून ते दाखवलं सासूबाईंनीच.

जायच्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. पण सासूबाई काही ना काही काढत राहिल्या. तांदळाचा डबा पुसायचा राहिला, मग विहिरीवरचा दोर आत घ्यायचा राहिला. शेवटी म्हणाल्या, तिन्हीसांजेचा दिवा लावते आणि मग चला. कोणी काही बोललं नाही. कोल्हापूर तिथून 80-85 किलोमीटर, घाट धरूनही रात्रीच्या जेवणाला पोचलो असतो. आंबा घाटाच्या पायथ्याशी पाऊस आला, आणि चक्रीवळणाच्या पुढे गाड्यांची रांग उभी दिसली. वर झाड पडलं होतं, झाडाबरोबर माती आणि दगड.

डबा पुढच्या सीटच्या मागे, खाली, मी घट्ट बसवला होता. वरून ओढणी टाकली होती. गाडी चालत होती तोवर ठमी मधूनमधून ओरडत होती. गाडी थांबली आणि तिने जो सूर धरला तो सोडेना. घोगरा, लांब, पोटातून येणारा. नेहमीच्या म्यावशी त्याचं नातं नव्हतं. ओकारीचा वास गाडीभर झाला. काचा पावसामुळे उघडता येत नव्हत्या. लेक तेव्हा नऊ वर्षांची. "आई, उघड ना, आई, ती मरेल," म्हणून ती माझा दंड धरून हलवत होती. हेही मागे वळून म्हणाले, "दारं-खिडक्या बंद आहेत. घे की दोन मिनिटं मांडीवर." मी झाकणावर हात ठेवून बसले. नाही म्हणाले. ह्यांचा आवाज चढला, माझाही चढला. ठमीची छाती मी ओढणी सारून टॉर्चने पुन्हा पुन्हा पाहत होते. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर खरा धोका. ती ओरडत होती, पण धापत नव्हती.

तेवढ्यात सासूबाई पुढची सीट सोडून मागे येऊन बसल्या, लेकीला त्यांनी पलीकडे सरकवलं. तारेच्या दारातून दोन बोटं आत घातली आणि बोलायला लागल्या. सासरे गेल्यापासून त्या आमच्याशी हो-नाही पलीकडे बोलल्या नव्हत्या. ठमीला त्यांनी सगळं सांगितलं. किल्ली शेजारी दिलीय. तुळशीला पाणी शेजारची घालील, विसरली तर पाऊस आहेच. पडवीतला वासा ह्या पावसाळ्यात टिकायचा नाही, मी म्हटलं होतं त्यांना, त्यांनी ऐकलं नाही. त्यांची काठी मी दाराआड ठेवून आलेय, बरोबर आणायला हवी होती काय गं? स्टिअरिंगवर हात ठेवून हे ऐकत होते. ठमीचा सूर हळूहळू उतरला, थांबला मात्र नाही.

मध्यरात्र उलटल्यावर पुढे करवती लागल्या. किती वेळ लागेल ते बघायला ह्यांनी दार उघडलं आणि अगदी कानाशी ट्रकचा हॉर्न वाजला. डबा जागच्या जागी उसळला. सासूबाईंचं बोट तारेत सापडून रक्त आलं. ती उडी उघड्या दारातून कुठे गेली असती ते मला ठाऊक होतं. बाहेर काळोख होता आणि खाली दरी.

कोल्हापूरच्या घरात ठमी आणि सासूबाई एकाच खोलीत राहिल्या. ठमी डब्याबाहेर येईना, म्हणून सासूबाई त्याच्याशेजारी गादी घालून झोपल्या. नवीन घरात दोघींना आधी तेवढीच जागा पुरत होती. पुढे ठमी घरभर हिंडू लागली, पण एक खोड तिला लागली ती कायमची. माळ्यावरून बॅग खाली आली, कोणाचीही असो, की ठमी डब्यात जाऊन बसायची. दार कोणी लावत नसे, ती आपणहून बसायची. लेक शिकायला पुण्याला निघाली त्या दिवशी ती पहाटेपासून आत होती. सासूबाई गेल्या त्यानंतर साखरप्याला जायला आम्ही बॅगा भरल्या, तेव्हाही.

शेवटच्या दिवशी तिच्या अंगात पळायचं त्राण नव्हतं, लेकीचं म्हणणं खरं आहे. पण रिक्षा बोलावली तेव्हा ती स्वतःच सरपटत डब्याशी गेली. उचलून आत ठेवलं ते मी. डबा ह्यांच्या मांडीवर होता. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला ह्यांनी वरचं झाकण हातभर उघडून हात आत घातला. मी पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाही. आम्ही घरी परत येईपर्यंत तो हात आतच होता.

परवा वरच्या मजल्यावरची मुलगी डबा मागायला आली. तिने पिल्लू आणलंय, दिवाळीला गावी न्यायचंय. क्लिपा तपासून दिला. आतापासूनच उघडा ठेव म्हटलं, तुझा जुना कुर्ता आत घाल, आणि वाटेत झाकण उघडू नकोस.

"ओरडलं तर?"

"बोलत राहा त्याच्याशी."

"काय बोलू, काकू?"

"घरातलं सांग. मागे कोण राहिलंय, दार कोणी लावलंय, सगळं."