डाव्या पायाचं देणं

माझा डावा पाय आज जेवढा उचलला जातो, तेवढा उचलण्यात बऱ्याच जणांचा वाटा आहे. त्यांतले काही सांगली-मिरजेचे, रोजच्या बोलण्यातले. काहींना मी कधीच भेटणार नाही. कुणी अमेरिकेतले, कुणी इटलीतले, आणि काही तर माझ्या आजीच्याही जन्माआधीचे. हे देणं फेडता येण्यासारखं नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

सर्वांत आधी आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर बसणारे चप्पल शिवणारे मामा. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे टाके घालायला चपला दिल्या. त्यांनी दोन्ही चपला शेजारी-शेजारी ठेवल्या, डावीचं टोक बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "बाई, उजवी नव्यासारखी हाय. डावी तेवढी फुडनं घासलीया. पाय वडताय तुम्ही. दाखवून घ्या एकदा." तोवर मी समजत होते की वर्गात दिवसभर उभं राहून थकवा येतो. डावी चप्पल जिन्यावर निसटायची, रिक्षात चढताना डावा पाय पायरीला अडखळायचा. पण हे सगळं एकाच पायाचं आहे हे मला कुणी दाखवलं नव्हतं. डॉक्टरांच्या आधी ते मामांनी पाहिलं.

पुढे एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हे नाव घरात आलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच यात मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करतात. आवरण जिथे जातं तिथे डाग उरतो, आणि मेंदूचा निरोप त्या जागी मंदावतो किंवा अडतो. पॅरिसमध्ये शार्को यांनी 1868 साली या रोगाचं सविस्तर वर्णन केलं. डाग कुठे पडतील याला नियम नाही. मेंदूकडून पायाकडे जाणारे बहुतेक तंतू मानेच्या थोडं वर बाजू बदलतात. त्यामुळे मेंदूच्या उजव्या भागातला डाग डाव्या पायाला भोवतो, आणि मज्जारज्जूच्या डाव्या बाजूचा डागही डाव्याच पायाला. म्हणूनच एमएसमध्ये पुष्कळदा दोन्ही पाय सारखे अशक्त होत नाहीत. एक पाय मागे पडतो आणि दुसरा त्याचं काम उचलतो.

हे दुसऱ्याने काम उचलणं फार बेमालूम असतं. ते मला मिरजेच्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने दाखवलं. ती इचलकरंजीची, वयाने माझ्या मुलीएवढी. चारचौघांत मी तिला डॉक्टर म्हणते, एरवी बाळ. तिच्याकडे जाण्याआधी मी व्यायामाची सायकल चालवत होते आणि पडद्यावरचा आकडा वाढतोय म्हणून घरचे सगळे खूश होते. तिने मला सायकलवर बसवलं, थोडा वेळ पाहिलं आणि उजवा पाय पायडलवरून काढायला सांगितला. एकट्या डाव्या पायाने चाक वरपर्यंत येईना. अर्ध्या फेरीतच अडकलं.

"काकू, तुम्ही गणित शिकवता ना? हा आकडा दोन पायांची बेरीज आहे. मला फरक हवाय."

मग तिने कपाटातून घरात असतात तसे दोन वजनकाटे काढले, जमिनीवर जोडून ठेवले आणि प्रत्येकावर एक पाय ठेवून मला समोर बघत उभं केलं. मी अगदी सरळ उभी आहे अशी माझी खात्री होती. उजव्या काट्यावरचा आकडा डाव्याच्या जवळजवळ दुप्पट होता. खुर्चीतून उठताना तो फरक आणखी वाढला. बैठका मारताना, दोन्ही पायांनी वजन ढकलताना, जिना चढताना, प्रत्येक ठिकाणी उजवा पाय पुढे होऊन काम उरकत होता. मी व्यायाम करत होते, पण ज्या पायासाठी करत होते त्याला त्यातलं फारसं काही पोचत नव्हतं. एमएस असलेल्यांच्या दोन पायांच्या ताकदीतला फरक निरोगी माणसांपेक्षा मोठा असतो, हे यंत्रांवर मोजून दाखवलेलं आहे. माझ्यापुरतं ते दोन साध्या काट्यांनी दाखवलं.

तिने घालून दिलेली पद्धत अशी. प्रत्येक पायाचा व्यायाम वेगळा. आधी डावा, कारण दमल्यावर त्याच्याकडे मागायला काही उरत नाही. डाव्याला जेवढं नीट जमेल तेवढंच उजव्याने करायचं. टाच जमिनीवर ठेवून पंजा वर उचलायचा, कारण चप्पल घासते ती पंजा उचलणारा स्नायू कमी पडल्यामुळे. बसून गुडघा छातीकडे न्यायचा, कारण मांडी उचलली गेली नाही तर माणूस कंबर वर खेचून पाय गोल फिरवत टाकतो, आणि मग चांगल्या बाजूची कंबर दुखू लागते. खुर्चीतून उठताना डावं पाऊल थोडं मागे घ्यायचं, म्हणजे वजन त्याच्यावर येतंच. मध्ये भरपूर विश्रांती. पोटरी ताठरली तर आधी ताण देऊन सैल करायची, जोर लावायचा नाही.

आणि उन्हाचं. सांगलीचा एप्रिल काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. 1890 मध्ये ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने पाहिलं की व्यायामानंतर त्याच्या काही रुग्णांची नजर तात्पुरती मंद होते. खरं कारण अंगातली उष्णता हे पुढे कळलं. आवरण गेलेल्या तंतूत अर्ध्या अंशाच्या वाढीनेही निरोप अडू शकतो. अंग निवलं की तो पुन्हा जाऊ लागतो. म्हणून तिने मला पहाटेची वेळ दिली, पंखा पायांकडे वळवला, मानेवर ओला नॅपकिन. दुपारी पाय गळाल्यासारखा झाला तर रोग वाढला असं समजून रडायचं नाही, सावलीत बसायचं, हेही तिनेच सांगितलं. ही एक गोष्ट आधी कळली असती तर माझ्या कितीतरी रात्री भीतीत गेल्या नसत्या.

व्यायाम करायला मिळाला, हेसुद्धा देणंच आहे. एके काळी एमएसच्या रुग्णाला जपून राहा, दमू नका, असंच सांगत. 1996 साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात पेटाजान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या 54 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाने 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली. जगभरातल्या डॉक्टरांचं मत बदलायला अशा कामांनी सुरुवात झाली. मी त्या माणसांचा फार विचार करते. दमणं धोक्याचं आहे असं ऐकत आलेली माणसं त्या सायकलवर बसली. त्यांच्या धाडसावर माझी पहाट उभी आहे.

मध्ये एकदा रोगाने पुन्हा उचल खाल्ली. स्टेरॉइडची सलाइन लागली, आणि काही आठवडे डाव्या पायाला पंजा हलवणंही जमेना. मी म्हटलं, आता व्यायाम बंद. माझी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "डावा झोपलाय ना? मग उजव्याचा करू. डाव्यासाठी." मला ते मन रमवायला सांगितल्यासारखं वाटलं. पण त्यामागे शंभर वर्षांहून जुना धागा होता. 1894 मध्ये येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत मिस ब्राउन यांनी फक्त उजव्या हाताने रबरी फुगा दाबायचा सराव केला, आणि मोजल्यावर डाव्या हाताची पकडही वाढलेली निघाली. स्नायू एकीकडचे कामाला लागतात, पण शिकते ती दोन्हीकडची चेतासंस्था. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर एमएसचं प्रमाण फार आहे. तिथल्या सासारी विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच धागा पकडून काही रुग्णांच्या कमी बाधित पायाच्या पंजा उचलणाऱ्या स्नायूंना सहा आठवडे जोराचा व्यायाम दिला, आणि जास्त बाधित पायाचीही ताकद वाढल्याचं नोंदवलं.

माझ्या बाबतीत डावा पंजा परत उठला, त्याचं श्रेय उजव्या पायाच्या व्यायामाला किती आणि औषधाला किती, हे मी सांगू शकत नाही, आणि ती मुलगीही सांगत नाही. तिचा हा प्रामाणिकपणा मला तिच्या ज्ञानाइतकाच मोलाचा वाटतो. पण त्या आठवड्यांत मी अंथरुणाला खिळले नाही. उजवा पाय घोट्याला पट्टा लावून काम करत राहिला आणि डावा शेजारी पडून होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन्ही पाय सारखे झालेले नाहीत, होणारही नाहीत बहुधा. काट्यांमधला फरक मात्र कमी झाला आहे. चप्पल शिवणाऱ्या मामांना मुद्दाम दाखवल्या तेव्हा त्यांनी दोन्ही चपला उलटून पाहिल्या आणि "बरं हाय आता" एवढंच म्हणाले.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आणि 1985 पासून आपल्याकडे या रुग्णांची मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही काम करते. तरीही लहान गावांत राहणाऱ्या पुष्कळ जणांना अजून "रोज चालत जा, सायकल चालवा" एवढाच सल्ला मिळतो. तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल, तर पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्टला एवढं नक्की सांगा: प्रत्येक पायाची ताकद वेगळी मोजा, तारीख घालून कागदावर लिहून द्या. आणि तो कागद रिपोर्टांच्या फायलीत सगळ्यांत वर ठेवा.