गाळलेली गाणी आणि तीन वर्षांचा अबोला

तुमच्या लॅपटॉपमध्ये असं एखादं फोल्डर आहे का, जे तुम्ही डिलीटही करत नाही आणि उघडतही नाही? माझ्याकडे होतं. कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर मी एक पॉडकास्ट सुरू केला होता. काय ठेवायचं आणि काय कापायचं, यावरून आमची भांडणं व्हायला लागली. शेवटी ती वेगळी झाली. मी तिचा आवाज काढून उरलेले भाग पूर्ण केले. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

ते फोल्डर मला आठवलं एका अमेरिकन अल्बममुळे. शिकागोच्या 'विल्को' या बँडचा 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट'. कंट्री संगीताला रॉकची जोड देणाऱ्या, म्हणजे 'ऑल्ट-कंट्री' वळणाच्या संगीतातून हा बँड पुढे आला. 2001 मध्ये 'रिप्राइज' कंपनीने हा अल्बम काढायला नकार दिला. बँडने रेकॉर्डिंग ताब्यात घेतलं आणि आपल्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट ऐकवलं. एप्रिल 2002 मध्ये 'नॉनसच'ने तो बाजारात आणला. गंमत म्हणजे दोन्ही कंपन्या वॉर्नर समूहाच्याच!

मला मात्र त्यामागची दुसरी गोष्ट जास्त लागली. यातली बरीचशी गाणी जेफ ट्वीडी आणि जे बेनेट या जोडीने मिळून रचली होती. अल्बमला शेवटचा आकार देताना दोघांत खटके उडू लागले. शेवटचं मिक्सिंग जिम ओ'रूर्ककडे गेलं, वाद्यांचे कितीतरी थर काढले गेले आणि 2001 मध्येच बेनेट बँडबाहेर पडला. 2009 मध्ये, 45 व्या वर्षी, त्याचं निधन झालं.

2022 मध्ये या अल्बमची विसाव्या वर्षानिमित्तची खास आवृत्ती आली. पेटीत 11 रेकॉर्ड्स आणि एक सीडी, आधी कधीच प्रसिद्ध न झालेली 82 रेकॉर्डिंग्ज! पुढच्या वर्षी तिला ग्रॅमीही मिळालं. माझ्याकडे ना रेकॉर्ड प्लेअर, ना तेवढं बजेट. मी सगळं फोनवर, रात्री हेडफोन लावून ऐकलं. तेच गाणं कधी संथ, कधी धडाक्यात. अंतिम अल्बम मला आजही जास्त आवडतो. पण त्या गाळलेल्या गाण्यांत ते दोघं अजून एकत्र वाजवतायत.

त्याच रात्री मी फोल्डर उघडलं. एका क्लिपमध्ये मैत्रीण चुकते, आम्ही दोघी खो-खो हसतो, मागे कुकरची शिट्टी होते. ती क्लिप कापणं बरोबरच होतं. पण मी तिच्याबरोबर मैत्रीणही कापून टाकली होती.

मी क्लिप तिला पाठवली. खाली फक्त "सॉरी" लिहिलं. निळ्या टिक लगेच दिसल्या, उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी आलं, "अजून जपून ठेवलंयस?"

सगळं लगेच पूर्वीसारखं झालं नाही. पण रविवारी आम्ही चाळीस मिनिटं फोनवर बोललो.

तुमच्याकडेही असं फोल्डर असेल, तर आज उघडून बघा. आणि त्यातला आवाज ज्याचा आहे, त्याला तो ऐकवा. वीस वर्षं थांबू नका.