कव्हरवरचं थडगं

मे महिन्यात, सोलापूर भट्टीसारखं तापलेलं असतानाही 'क्लोजर' लावला की अंगावर काटा येतो. जॉय डिव्हिजनचा १९८० चा हा अल्बम. पुढे गॉथिक रॉक म्हणून जे वाजलं, त्याच्या मुळाशी हाही आहे. मार्टिन हॅनेट या निर्मात्यानं ड्रम आणि गळा एकमेकांपासून इतके लांब ठेवलेत, की खरी भीती मधल्या पोकळीत राहते. आणि ते पांढरं कव्हर! त्यावर पार्थिवाभोवती कोसळलेली माणसं.

ती माणसं आता माझ्यासमोर आहेत. दगडातली!

इटलीतल्या जिनोआची स्टाल्येनो दफनभूमी १८५१ मध्ये सुरू झाली. विस्तार चौरस किलोमीटरहून जास्त. कमानींमागून कमानी, आणि जिकडे बघावं तिकडे कुणीतरी संगमरवरात रडतंय. सावरकरांनी ज्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं, तो मॅझिनीही इथंच विसावलाय. कव्हरवरचं थडगं अप्पियानी कुटुंबाचं, साधारण १९१० चं. बर्नार पिएर वोल्फनं टिपलेला त्याचा फोटो कव्हरसाठी निवडला, तेव्हा गायक इयन कर्टिस जिवंत होता. मे महिन्यात तो गेला, अवघ्या तेविसाव्या वर्षी. जुलैत रेकॉर्ड आली.

आणि धूळ! काळी धूळ मूर्तींच्या वरच्या अंगावर बसलीय. कपाळ, खांदे, गुडघे काळे. हनुवटीखाली, वस्त्रांच्या चुण्यांत मात्र पांढरंशुभ्र. ऊन-सावलीची सगळी उलटापालट. फोटोच्या निगेटिव्हमधून चालतोय की काय!

पण मी खिळलो तो कातेरिना काम्पोदोनिकोपुढे. ही जत्रांतून हेझलनटच्या माळा विकायची. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत फुटाणे-रेवड्या विकणारी एखादी मावशीच म्हणा ना. पै-पै साठवून तिनं लोरेंझो ओरेंगो या नावाजलेल्या शिल्पकाराला गाठलं आणि १८८१ मध्ये, जिवंतपणीच, धनिकांच्या रांगेत स्वतःचा पुतळा उभा करून घेतला! हातात माळा, अंगावर सणासुदीचा पोशाख. शालीचे गोंडे तर असे कोरलेत, की सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा विणकर इथं आला तर आधी तेच चाचपून बघेल.

'क्लोजर'च्या कव्हरवर ही बाई शोभलीच नसती. ती रडत नाही. ताठ उभी राहून गिऱ्हाइकाकडे बघावं तशी माझ्याकडे बघतेय.