गांजेकसाचं घर

आमच्या शिंगणापुरात जुन्या घरांना दारं नाहीत. चौकट आहे, कडी-कोयंडा नाही. २०११ साली गावात बँक आली, तीही बिनकुलपाची म्हणून पेपरात गाजली. पण माणसाला एकदा नाव चिकटलं, की ते काही बिनदाराच्या घरातूनसुद्धा बाहेर जात नाही.

माझे थोरले चुलते, तात्या, चिलीम ओढायचे. दिवसभर कांद्याला पाणी भरायचं, संध्याकाळी जेवायच्या आधी दोन झुरके, मग भजनात पखवाज. कधी कुणाला शिवी नाही, कुणाची उधारी नाही. शेजारच्या वस्तीवर एकानं दारूपायी दोन एकर विकले, बायकोला मारायचा, तरी लोक त्याला पाटीलच म्हणायचे. तात्यांना मात्र गांजेकस. त्यांच्या पोराला पाहायला तीन ठिकाणचे पाहुणे आले, चहा पिऊन गेले. मागून निरोप यायचा, “पोरगा चांगलाय हो, पण गांजेकसाच्या घरात पोरगी कशी द्यायची?” शेवटी पार मराठवाड्यातली सोयरीक जमली. पोरानं उभ्या जन्मात चिलमीला हात लावला नव्हता.

गंमत अशी, की आपला नगर जिल्हा एके काळी गांजा पिकवणारा होता. परवान्यानं लागवड व्हायची, ठेक्याच्या दुकानात माल विकायचा, महसूल सरकारात जमा. १८९३-९४ साली इंग्रजांनी यावर कमिशन नेमलं. बेताच्या सेवनानं फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असं त्यानं लिहून दिलं. मग १९८५ साली दिल्लीचा कायदा आला. आता गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्याच झाडाच्या पानांची भांग मात्र त्या कायद्यात गांजा नाही! पान प्रसाद आणि बोंड गुन्हा, हे शेतकऱ्याला कसं समजावायचं?

२०२१ साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दोन एकरांत गांजा लावायची परवानगी कलेक्टरकडं मागितली. लोक हसले. मला त्यात मालाला भाव न मिळाल्याची चीड दिसली.

म्हणून गांजा चांगला, असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात ओढला तर डोकं फिरतं, शाळा सुटते. पंधरा-सोळा वर्षांची पोरं उसाच्या आडोशाला बसलेली दिसतात, तेव्हा पोटात कालवतं. त्यांना धाक हवाच. पण धाक वेगळा आणि डाग वेगळा. धाक पोराला थांबवतो. डाग त्याच्या बहिणीचं लग्न थांबवतो. आणि डागाच्या भीतीनं आई-बाप पोराला दवाखान्यात न्यायचं सोडून घरात लपवतात.

हा डाग जाईल का? कॅनडात २०१८ साली गांजा कायदेशीर झाला. आपल्याकडंही कधीतरी कायदा सैल होईल. पण सोयरिकीची चौकशी दिल्लीत होत नाही, पारावर होते. तरी मी आशा सोडलेली नाही. आमच्या शनीच्या चौथऱ्यावर बायांनी चढायचं नाही, हा दंडक कधी मोडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ८ एप्रिल २०१६ ला, ऐन पाडव्याला, तो मोडला. गाव आहे तिथंच आहे.

सुरुवात अवघड नाही. पुढच्या वेळी पाहुणे चौकशीला आले, की पोराबद्दल विचारलं तर पोराबद्दलच सांगायचं. चुलत्याची चिलीम मधे आणायची नाही.